संगणकाचा रखवालदार व ग्राहकाचा विश्वास

प्राथमिक शाळेच्या दप्तरातील जी माहिती पूर्वी जनरल रजिस्टर, हजेरीपट व गुणपत्रके यांच्या रूपाने कुलूपबंद कपाटात राहत असे, तिच्यापैकी बराचसा भाग आता संगणकावर अथवा शिक्षकाच्या मोबाइलवर भरावा लागतो. विद्यार्थ्याची जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, पालकांचा व्यवसाय, बँकेचे खाते, दिव्यांगत्वाची नोंद असा हा तपशील असतो. या यंत्राला काही संरक्षण असावे असे मुख्याध्यापकांस वाटणे साहजिक आहे. मग एखादे संरक्षक सॉफ्टवेअर विकत किंवा फुकट मिळवून ते संगणकावर बसविले जाते, आणि एकदा ते बसविले म्हणजे आपली जबाबदारी संपली, अशी सर्वसाधारण समजूत होते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हे उमगण्यास परदेशात घडलेले एक प्रकरण फार उपयोगी पडण्यासारखे आहे. त्याची हकिकत व त्यापासून घ्यावयाचा बोध येथे क्रमाने दिला आहे.

रखवालदाराचे काम कसे चालते

संगणकात शिरून त्यातील माहितीची नासधूस अथवा चोरी करणाऱ्या घातक प्रोग्रॅमला व्हायरस असे म्हणतात. त्याचा शोध घेऊन त्याला अडविणारे सॉफ्टवेअर म्हणजे अँटिव्हायरस. हे काम करावयाचे तर त्या सॉफ्टवेअरला संगणकातील प्रत्येक फाइल उघडून पाहण्याची मुभा द्यावी लागते. आपण इंटरनेटवर कोणते संकेतस्थळ उघडतो, हेही त्याला पाहू द्यावे लागते. कारण फसवे संकेतस्थळ कोणते व खरे कोणते, हे पाहिल्यावाचून ते सांगणार कसे? थोडक्यात असे की, घराच्या साऱ्या खोल्यांच्या किल्ल्या ज्याच्या हाती आहेत, असा हा रखवालदार असतो. चोराला अडविण्यासाठी लागणारी मुभा आणि घरातील गोष्टी बाहेर नेण्यासाठी लागणारी मुभा या दोन्ही एकच आहेत. म्हणून या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते किती व्हायरस पकडते, एवढेच विचारून भागत नाही. ते जे पाहते त्याचे पुढे काय करते, हाही प्रश्न विचारावा लागतो.

अवास्ट कंपनीचे प्रकरण

अवास्ट या कंपनीचा उगम चेकोस्लोव्हाकियातील प्राग शहरी १९८८ साली झाला. तिचे अँटिव्हायरस सॉफ्टवेअर पुढे जगभर पसरले. त्याची एक आवृत्ती फुकट मिळत असे व अधिक सोयींची आवृत्ती पैसे भरून घ्यावी लागे. याशिवाय ब्राउझरला जोडावयाची लहान पूरक साधनेही ही कंपनी देत असे. जाहिरातदार इंटरनेटवर आपला माग काढतात, तो माग काढणे आम्ही थांबवू व आपली खासगी माहिती सुरक्षित ठेवू, असे आश्वासन ग्राहकांस देण्यात येत होते. ज्यांनी हे सॉफ्टवेअर घेतले त्यांपैकी अनेकांनी ते नेमके या आश्वासनावर विसंबून घेतले.

प्रत्यक्षात निराळाच प्रकार चालू होता. अवास्टने २०१३ साली जंपशॉट नावाची एक कंपनी विकत घेतली होती. २०१४ पासून या उपकंपनीचे काम असे ठरले की, अवास्टच्या ग्राहकांनी इंटरनेटवर काय काय पाहिले याच्या नोंदी घ्यावयाच्या आणि त्या इतर कंपन्यांना विकावयाच्या. कोणते पान उघडले, कोणत्या क्षणी उघडले, त्यानंतर कोठे गेले, हे सारे या नोंदींत असे. जंपशॉटजवळ अशा रीतीने आठ पेटाबाइटहून अधिक माहिती जमली. एक पेटाबाइट म्हणजे सुमारे दहा लाख गिगाबाइट, हे लक्षात घेतले म्हणजे या साठ्याची कल्पना येईल. ही माहिती विकत घेणाऱ्यांची संख्या शंभराहून अधिक होती.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एका स्वतंत्र संशोधकाने अवास्टची ब्राउझर साधने जरुरीपेक्षा फार अधिक माहिती बाहेर पाठवितात, हे तपासून प्रसिद्ध केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोझिला व गूगल या दोघांनी आपापल्या ब्राउझरच्या भांडारातून ही साधने काढून टाकली. २०२० च्या जानेवारीत मदरबोर्ड व पीसीमॅग या दोन नियतकालिकांनी मिळून केलेला तपास प्रसिद्ध झाला, आणि काही दिवसांतच अवास्टने जंपशॉट बंद करीत असल्याचे जाहीर केले.

अमेरिकेत ग्राहकांच्या हितरक्षणाचे काम करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ च्या फेब्रुवारीत अवास्टविरुद्धची तक्रार व तडजोडीचा आदेश जाहीर केला, आणि जूनमध्ये त्यास अंतिम स्वरूप दिले. कंपनीने १ कोटी ६५ लाख डॉलर भरावेत, ग्राहकांनी इंटरनेटवर काय पाहिले याची माहिती जाहिरातींसाठी विकू नये, व जंपशॉटला दिलेली माहिती नष्ट करावी, असे त्यात ठरले. कमिशनचे आरोप आपणास मान्य नाहीत, असे कंपनीने म्हटले, परंतु आदेश तिने स्वीकारला. चेक प्रजासत्ताकातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कार्यालयानेही २०२४ सालीच तिला ३५ कोटी १० लाख चेक क्राऊन इतका दंड केला.

नावे गाळली म्हणजे ओळख पुसते काय?

या प्रकरणात कंपनीच्या बाजूने असे सांगण्यात येत होते की, माहिती विकण्यापूर्वी तीतून माणसाची ओळख काढून टाकली जाते, तेव्हा कोणाचे नुकसान होत नाही. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. म्हणूनच शिक्षकांनी तो नीट तपासून पाहावा.

हजेरीपटाचे उदाहरण घेऊ. वर्षभराच्या हजेरीपटावरील मुलांची नावे कागद चिकटवून झाकली, परंतु क्रमांक व हजेरीच्या खुणा तशाच ठेवल्या, असे समजा. दिवाळीनंतर जो क्रमांक थेट चैत्रापर्यंत गैरहजर आहे, तो ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलाचा, हे गावातील कोणीही सांगेल. दर सोमवारी ज्याची गैरहजेरी आहे, तो आईबरोबर बाजारात भाजी विकावयास बसणारा मुलगा होय. नाव झाकले गेले, पण क्रमांक कायम राहिल्यामुळे सर्व दिवसांच्या खुणा एकाच मुलाशी जोडलेल्या राहिल्या, आणि त्या खुणांनीच मूल ओळखले गेले.

जंपशॉटच्या नोंदींचेही असेच होते. तिच्या काही मालात प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक दिलेला असे. त्यामुळे एका माणसाने आज, उद्या व महिन्यानंतर काय पाहिले, हे एका धाग्यात ओवता येई. फेडरल ट्रेड कमिशनने अशा १०० नोंदींचा एक नमुना पाहिला. त्यात कोणी स्तनाच्या कर्करोगाच्या लक्षणांवरील अभ्यास वाचला होता, कोणी शिक्षणासाठी आर्थिक साहाय्याचा अर्ज उघडला होता, कोणी नकाशावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा मार्ग पाहिला होता, तर कोणी मुलांची स्पॅनिश भाषेतील चित्रफीत लावली होती. यांपैकी एकेक नोंद निरुपद्रवी दिसते. परंतु आजार, पैशाची अडचण, राहण्याचे ठिकाण व घरातील मूल या चार गोष्टी एकाच क्रमांकाखाली आल्या, की त्या माणसाचे घर उघडे पडले असेच म्हणावे लागेल.

ग्राहकाचा तोटा कोणत्या प्रकारचा?

सदोष सॉफ्टवेअर दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारातील दोष तत्काळ दिसतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकाफी कंपनीच्या अँटिव्हायरसला पाठविलेल्या एका सुधारणेत चूक राहिली होती. तिच्यामुळे विंडोज एक्सपीची एक आवश्यक फाइल व्हायरस म्हणून गणली गेली आणि अनेक संगणक पुनःपुन्हा बंद पडून सुरू होऊ लागले. त्रास मोठा झाला, परंतु तो सर्वांच्या डोळ्यांपुढे होता. दोष त्याच दिवशी कळला व त्यावर उपायही झाला.

दुसऱ्या प्रकारातील दोष ग्राहकाला दिसतच नाही. अवास्टचे सॉफ्टवेअर संगणकावर व्यवस्थित चालत होते, व्हायरसही अडवीत होते. गळक्या घागरीखालची जमीन ओली होते म्हणून गळती कळते. येथे तशी काही खूण नव्हती. त्यामुळे सुमारे सहा वर्षे ग्राहक निश्चिंत राहिला. भरपाईच्या दृष्टीनेही हा प्रकार अवघड आहे. ज्यांनी ऑगस्ट २०१४ ते जानेवारी २०२० या काळात हे सॉफ्टवेअर पैसे देऊन घेतले, त्यांच्याकडून २०२५ साली परताव्यासाठी मागणीअर्ज घेण्यात आले. पैसे परत देता येतात. मात्र शंभराहून अधिक खरेदीदारांच्या हाती गेलेली माहिती ग्राहकाच्या मुठीत पुन्हा आणून देणे कोणालाही शक्य नाही. म्हणून या बाबतीत खरा उपाय म्हणजे आधीची सावधगिरी हाच होय.

शाळेने काय करावे

या हकिकतीवरून संरक्षक सॉफ्टवेअर वापरूच नये, असा अर्थ कोणी काढू नये. रखवालदार हवाच, तो पारखून घ्यावा, इतकेच. त्यासाठी पुढील गोष्टी प्रत्येक शाळेला करण्याजोग्या आहेत.

१. विंडोज १० व ११ या प्रणालींत डिफेंडर नावाचे अँटिव्हायरस मुळातच असते. ते चालू आहे की नाही, हे प्रथम पाहावे. दुसरे विकत घेण्याची पुष्कळदा गरजच नसते. मात्र विंडोज १० ची नेहमीची सुधारणा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे ध्यानात घेऊन जुन्या संगणकाविषयी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

२. कोणतेही सॉफ्टवेअर फुकट मिळत असेल, तर ते देणाऱ्याचा खर्च कशातून निघतो, असा प्रश्न स्वतःस विचारावा. पैसे देऊन घेतलेले सॉफ्टवेअर आपोआप विश्वसनीय ठरते, असेही मानू नये.

३. सॉफ्टवेअर बसविताना ज्या चौकटींत आधीच खूण केलेली असते, त्या वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. माहिती इतरांस देण्याविषयीची खूण काढून टाकावी.

४. ब्राउझरला जोडलेली पूरक साधने महिन्यातून एकदा तपासावीत, व जे साधन कोणी व कशासाठी बसविले हे सांगता येत नाही, ते काढून टाकावे.

५. ब्राउझरच्या खासगी खिडकीवर अवाजवी भिस्त ठेवू नये. तिच्यामुळे त्याच संगणकावर नंतर बसणाऱ्याला आपण काय पाहिले हे दिसत नाही, एवढेच. उघडलेल्या संकेतस्थळाला व इंटरनेट पुरविणाऱ्याला ते कळू शकते.

६. विद्यार्थ्यांच्या याद्या शाळेच्या संगणकावर संकेतशब्दाशिवाय उघड्या ठेवू नयेत, आणि ज्या संगणकावर मुले अथवा बाहेरची माणसे बसतात, त्यावर तर मुळीच ठेवू नयेत.

कायद्याचा आधार

खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाचे आहेत. या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची खात्रीलायक संमती घेण्याची तरतूद आहे. बालकांच्या हालचालींचा माग काढणे व त्यांना उद्देशून जाहिराती दाखविणे यांस, ठरावीक अपवाद वगळता, मनाई आहे. विकत घेतलेल्या वस्तूत अथवा सेवेत दोष आढळल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ग्राहक जेथे राहतो तेथेच ती दाखल करण्याची सोय आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीचा क्रमांक १९१५ हा आहे. यासाठी पावती व पत्रव्यवहार जपून ठेवण्याची सवय शाळेने लावून घ्यावी.

वर्गातील एक पाठ

सहावी-सातवीच्या मुलांना हा विषय सहज समजावून देता येईल. नावे नसलेली दहा काल्पनिक कार्डे तयार करावीत व प्रत्येकावर तीन गोष्टी लिहाव्यात: शाळेत येण्याचा रस्ता, आवडता खेळ व घरातील व्यवसाय. ती कार्डे कल्पित गावातील दहा काल्पनिक मुलांच्या यादीशी जुळविण्यास गटांना सांगावे. एका गोष्टीवरून मूल ओळखता येत नाही, दोहोंवरून अंदाज बांधता येतो, आणि तीन जुळल्या की बहुधा खात्री होते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल. खऱ्या विद्यार्थ्यांची माहिती मात्र या पाठात वापरू नये.

पालक शाळेत मुलाचे नाव घालतो, तेव्हा घरातील किती तरी गोष्टी शिक्षकाला विश्वासाने सांगतो. ती माहिती कोणत्या यंत्रात साठविली जाते व त्या यंत्रावर कोणता रखवालदार बसविला आहे, हे त्या पालकाला माहीत नसते. ते विचारण्याचे साधनही बहुधा त्याच्यापाशी नसते. त्याच्या वतीने विचारावयाचे काम शिक्षकाचे आहे. दप्तराच्या कपाटाची किल्ली शिक्षक ज्या काळजीने स्वतःपाशी ठेवतो, तीच काळजी त्याने संगणकाच्या बाबतीतही घ्यावी.