तीन वर्षं आणि एक सेंटिमीटर

चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या देहूकरांना मापाचं मोल वेगळं सांगायला नको. केसाएवढा फरक पडला तरी पार्ट रिजेक्ट होतो. उंच उडीचंही तसंच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सर्वेश कुशारेने २०२२ मध्ये गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत २.२७ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळवलं. त्यावर एक सेंटिमीटर चढवायला सप्टेंबर २०२५ उजाडला.

सर्वेश शेतकऱ्याच्या घरातला, जन्म १९९५ चा. उंच उडीत आज जवळपास सगळेच आडव्या दांडीकडे पाठ करून उडतात आणि पाठीवर पडतात. अमेरिकेच्या डिक फॉसबरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये याच पद्धतीने सुवर्ण जिंकलं आणि जगाने ती उचलली. पण खाली जाड गादी नसेल तर मान मोडायची भीती. शाळेतल्या वाळूच्या खड्ड्यात अशी उडी शिकवणं म्हणजे पोराच्या जिवाशी खेळ. गावाकडे ती महागडी गादी कुठून येणार? सर्वेशचे प्रशिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याचं भुसकट भरून गादी तयार केली. आपल्या मते या मुलाच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. पदकं नंतरची.

पुढे तो सैन्यात गेला आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव करू लागला. २०१९ मध्ये काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २.२१ मीटर आणि सुवर्ण. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २.२६ मीटर, पण चौथा नंबर. तिथे कतारचा मुताज बरशिम २.३५ मीटरवर पहिला आला. चौथ्याचा फोटो कोण छापतो?

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिक. या खेळात एका उंचीवर सलग तीनदा दांडी पडली की खेळाडू बाद. सर्वेशने २.१५ मीटर पार केले, २.२० वर तो अडकला आणि पात्रता फेरीतूनच परतला. वय २९.

आपल्या घरांत अशा वेळी एकच प्रश्न विचारला जातो: आता बस झालं ना? दहावीच्या वर्षी मुलाचे खेळाचे बूट माळ्यावर टाकणारे आपणच. मुलीचे तर त्याच्याही आधी. अब्बांची काळजी खोटी नसते, घर पगारावर चालतं. सर्वेशला निदान सैन्याचा आधार होता, हे विसरून चालणार नाही.

पश्चिम जर्मनीच्या उलरिके मायफार्थचं उदाहरण इथे आठवतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोळा वर्षांच्या या मुलीने १.९२ मीटर उडी मारून सुवर्ण जिंकलं. चार वर्षांनी माँट्रियलमध्ये ती अंतिम फेरीतसुद्धा पोहोचली नाही. १९८० ला तिच्या देशाने मॉस्कोवर बहिष्कार टाकला. लोकांच्या लेखी ती संपली होती. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये तिने २.०२ मीटर पार करून पुन्हा सुवर्ण घेतलं, मगच निवृत्त झाली. मधली बारा वर्षं तिने कशी काढली असतील, ते तिचं तिलाच ठाऊक.

सर्वेशही थांबला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो २.२५ मीटर उडी मारून अंतिम फेरीत गेला. या खेळात तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. १६ सप्टेंबरच्या अंतिम फेरीत त्याने २.२८ मीटर पार केले आणि जगात सहावा आला. न्यूझीलंडचा हॅमिश केर २.३६ मीटरवर जिंकला.

देहूरोडहून बायपासने निघालं की बालेवाडीचं क्रीडासंकुल लागतं. सुट्टीच्या दिवशी मुलांना तिथे न्या. २.२८ म्हणजे घराच्या दारापेक्षाही उंच, हे त्यांना दाराशी उभं करून आधी दाखवा. तेजस्विन शंकरचा २०१८ चा राष्ट्रीय विक्रम २.२९ मीटरचा. टोकियोहून परतताना सर्वेश त्याच्यापासून एकच सेंटिमीटर लांब होता.