वाणिज्यिक इमारतींतील कार्बन उत्सर्जन : स्वयंचलित नियंत्रणे व नवीकरणीय ऊर्जा यांचा क्रम

प्रस्तावना :
कार्यालये, मॉल, हॉटेले, रुग्णालये अशा वाणिज्यिक इमारतींच्या दैनंदिन वापरातील कार्बन उत्सर्जन प्रामुख्याने विजेमुळे होते. भारतीय ग्रीडमधील एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू वातावरणात जातो. हे उत्सर्जन घटविण्याचा विषय निघाला की छतावरील सौर पटलांचा विचार प्रथम होतो. सौर ऊर्जा आवश्यक आहेच. तथापि तिचा क्रम दुसरा असून पहिला क्रम इमारतीच्या मागणीवरील नियंत्रणाचा आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

छताची मर्यादा :
उदाहरणादाखल, प्रत्येक मजल्यावर १,००० चौरस मीटर क्षेत्र असलेली दहा मजली वातानुकूलित कार्यालयीन इमारत घेऊ. प्रति चौरस मीटर वार्षिक १५० युनिट वापर गृहीत धरल्यास एकूण वापर १५ लक्ष युनिट व उत्सर्जन सुमारे १,०५० टन होते. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, कूलिंग टॉवर इत्यादी वगळून गच्चीवर ६०० चौरस मीटर जागा उरली, असे समजू. एका किलोवॉटला साधारणतः १० चौरस मीटर जागा लागते. म्हणजे ६० किलोवॉटचा संच बसेल. प्रति किलोवॉट वार्षिक १,४०० युनिट धरल्यास ८४,००० युनिट वीज मिळेल. हे प्रमाण एकूण वापराच्या सहा टक्केही नाही. याउलट नियंत्रणांद्वारे केवळ १० टक्के बचत साधली तरी दीड लक्ष युनिट वाचतात. मात्र सौर संचाचे उद्घाटन करता येते, पंपाच्या गती-नियंत्रकाचे कोणी करीत नाही. आपल्या प्राधान्यक्रमाचे एक कारण हेही असावे.

नियंत्रणांचे कार्य :
वातानुकूलन यंत्रणेची क्षमता अत्यंत उष्ण दिवस डोळ्यांसमोर ठेवून ठरविली जाते. उर्वरित वर्षभर ती पूर्णतः लागत नाही. जुन्या पद्धतीत पंखे व पंप पूर्ण गतीने फिरत राहतात आणि प्रवाह व्हॉल्व्ह वा डँपर आवळून रोखला जातो. ॲक्सिलरेटर दाबून ठेवून ब्रेकने वेग सांभाळण्यासारखाच हा प्रकार होय. गती-नियंत्रक बसविल्यास मोटरीची गतीच गरजेनुसार कमी होते. पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती २० टक्क्यांनी घटविली तर ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२, म्हणजे शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. प्रत्यक्षात दाबाच्या अटींमुळे बचत काहीशी कमी भरते, तरीही ती लक्षणीय असते. याच तत्त्वावर, हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोजून माणसांच्या उपस्थितीनुसार बाहेरची हवा आत घेता येते. रिकाम्या सभागृहासाठी उष्ण हवा थंड करीत बसावे लागत नाही.

परंतु सेन्सरचे मापन चुकू लागले, किंवा एका तक्रारीवरून संचालकाने यंत्रणा ‘मॅन्युअल’वर टाकली व ती तशीच राहिली, तर महागडी यंत्रणा असून नसल्यासारखी होते. यंत्रखरेदीच्या निविदेत देखभाल-कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला स्थान मिळत नाही, ही खरी उणीव आहे.

एक उदाहरण :
न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ मधील. २००९ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या नूतनीकरणात ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट होते. प्रथम ६,५१४ खिडक्या सुधारल्या गेल्या आणि रेडिएटरमागे उष्णतारोधक बसविले गेले. सोबत नियंत्रणे व वायुवीजन सुधारले. शीतकरणाचा भारच कमी झाल्याने चिलर बदलण्याऐवजी आहेत त्यांचेच नूतनीकरण पुरेसे ठरले. पवनऊर्जा खरेदीचा करार २०११ मध्ये, म्हणजे त्यानंतर झाला.

भारतीय संदर्भ :
ऊर्जा संवर्धन इमारत संहितेची २०१७ ची आवृत्ती १०० किलोवॉट वा अधिक जोडभाराच्या नव्या वाणिज्यिक इमारतींसाठी असून तिच्यात नियंत्रणे व नवीकरणीय ऊर्जा या दोहोंचा विचार आहे. छत अपुरे पडणाऱ्यांसाठी २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. त्यामुळे दूरच्या प्रकल्पातील हरित वीज मध्यम आकाराच्या इमारतींच्याही आवाक्यात आली. अर्थात, मागणी आधी घटविलेली असल्यास ती कमी विकत घ्यावी लागते.

आपण अनेकांनी नॅकच्या सातव्या निकषासाठी माहिती भरताना सौर ऊर्जा, एलईडी दिवे आणि सेन्सर-आधारित ऊर्जाबचत हे पर्याय एकाच यादीत पाहिले आहेत. त्यांपैकी तिसऱ्यासमोर खूण करण्यापूर्वी सेन्सर चालू आहे काय, हे जिना चढून पाहावे लागते.