सोन्यामागे आलेल्यांचं गाव

ऑस्ट्रेलियात मेलबर्नपासून साधारण 110 किलोमीटरवर बॅलरॅट नावाचं शहर आहे. तिथल्या एका टेकडीवर सॉव्हरिन हिल हे उघड्यावरचं संग्रहालय उभं आहे. मुलाकडे राहायला गेलेल्या आमच्यासारख्या आई-वडिलांना मुलं पहिल्या महिन्यातच तिथे घेऊन जातात. पिंपरी-चिंचवडच्या निगडी प्राधिकरणातल्या किती घरांतले आजी-आजोबा तिथे जाऊन आले आहेत ते आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गप्पांत कळतं. बहुतेक जण सांगतात ते घोडागाडीबद्दल, जुन्या वेशातल्या बायकांबद्दल आणि नातवंडांनी वाळूतून काढलेल्या सोन्याच्या कणांबद्दल. ते सगळं आहेच. पण मला ते संग्रहालय वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. सोनं फार थोड्या जागेत मांडलंय. बाकीची सगळी टेकडी त्यांनी सोन्यामागे आलेल्या माणसांना दिली आहे.

आधी थोडा इतिहास. 1848 साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं तिकडे धावली. त्यात ऑस्ट्रेलियातलीही होती. आपली माणसं निघून चालली, म्हणून इथल्या वसाहतींना आपल्याच जमिनीत सोनं सापडायला हवं होतं. 1851 मध्ये ते आधी न्यू साउथ वेल्समध्ये आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॅलरॅटच्या परिसरात सापडलं. व्हिक्टोरिया ही स्वतंत्र वसाहत होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने होत होते. 1851 साली तिची लोकसंख्या होती सुमारे 77 हजार. 1861 साली ती 5 लाख 40 हजारांवर गेली. दहा वर्षांत सातपट! कारकुनांनी नोकऱ्या सोडल्या, खलाशी बंदरात जहाजं तशीच टाकून निघाले, मेंढपाळांनी मेंढ्या सोडल्या.

ही पहिली दहा वर्षं सॉव्हरिन हिलने उभी केली आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी ते सुरू झालं. जुन्या खाणींच्याच जागेवर जुनी चित्रं, नकाशे, वर्तमानपत्रं पाहून त्यांनी रस्ता, दुकानं, छापखाना, बेकरी, शाळा आणि तंबू बांधले. काचेच्या कपाटात वस्तू ठेवून खाली चिठ्ठी चिकटवणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. मेणबत्त्या करणारा मेणबत्त्या करतो, लोहार लोखंड तापवतो, उकळत्या साखरेच्या गोळ्या तुमच्यासमोर पडतात. आमच्या ह्यांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. ते गाडीची चाकं बनवणाऱ्या कारखान्यात शिरले ते बाहेरच येईनात. तिथे वाफेच्या इंजिनावर वर फिरणारा लांब शाफ्ट आणि त्यावरून पट्ट्यांनी चालणारी यंत्रं आहेत. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाशी ह्यांचं मोडक्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांत जे बोलणं झालं, ते दोघांनाही पूर्ण समजलं होतं. "अहो, चला," असं मी दोनदा म्हटलं, मग नाद सोडला.

मी शिक्षिका. त्यामुळे माझा पाय शाळेशी अडला. ऑस्ट्रेलियातल्या शाळांची मुलं इथे दोन दिवसांसाठी येतात आणि 1850 च्या दशकातले विद्यार्थी होऊन राहतात. तोच वेश, दौत-टाक, तशीच कडक शिस्तीची बाई. इतिहासाच्या पुस्तकातलं एक पान शिकवायला मी तीस-चाळीस मिनिटं घेत असे. इथे मुलांच्या बोटांना शाई लागते आणि उभं राहून उत्तर देताना पाय दुखतात. असं शिकवायला मिळालं असतं तर, हा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

खाली ओढ्यात पर्यटकांसाठी सोनं धुण्याची सोय आहे. ओढ्यात संग्रहालयाकडून सोन्याचे कण टाकले जातात आणि ज्याला सापडले त्याचे ते. नातीने पसरट तबकात वाळू घेतली, पाण्याखाली गोल हलवली, वरची माती हळूहळू वाहून जाऊ दिली. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, वाळू अडीचपटीच्या आसपास, म्हणून हलकं ते जातं आणि जड ते तळाशी राहतं. सगळी विद्या एवढीच आहे आणि ती हातात यायला वेळ लागतो.

हे पाहताना मला सराफ बाजारातले झारेकरी आठवले. सोनाराच्या दुकानाचा केर, भट्टीची राख, पेढीसमोरच्या गटारातला गाळ विकत घ्यायचा, धुवायचा आणि त्यातून सोन्याचे कण वेगळे करायचे, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. पूर्व विदर्भाच्या बाजूला नदीच्या वाळूतून सोनं धुणारे सोनझरी लोक होते. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 सालच्या ग्रंथात त्यांची नोंद आहे आणि त्यात चांदा जिल्ह्याचंही, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या मुलखाचंही, नाव आहे. बॅलरॅटला ज्याचं संग्रहालय झालं, तीच हातांची हालचाल आपल्याकडे शेकडो वर्षं चालू होती. नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग आजी, त्यांचं गाव कुठे बघायला मिळतं?" मला उत्तर देता आलं नाही.

आता सॉव्हरिन हिलमधल्या माझ्या मते सगळ्यात मोलाच्या वस्तूकडे येते. ती आहे एक कागद: खाणकामाचा परवाना. सुरुवातीला त्याची किंमत महिन्याला 30 शिलिंग होती. सोनं सापडो की न सापडो, पैसे भरायचेच. परवाना कायम अंगावर ठेवायचा. पाण्या-चिखलात उभ्या माणसाकडे पोलीस केव्हाही येऊन तो मागत. नसेल तर दंड, तोही देता आला नाही तर बेड्या. आणि ज्याच्याकडून कर घ्यायचा त्याला मताचा अधिकार नाही. वरच्या थरातलं सोनं संपलं तशा खाणी खोल गेल्या. महिनोन् महिने खणल्यावर तळाशी काही लागेल की नाही याचा भरवसा नव्हता, पण परवान्याचा पैसा मात्र दरमहा जात होता.

ऑक्टोबर 1854 मध्ये जेम्स स्कोबी नावाच्या खाणकामगाराचा युरेका हॉटेलजवळ खून झाला. ज्याच्यावर संशय होता त्या हॉटेलमालकाला सोडून दिलं गेलं तेव्हा जमावाने हॉटेल जाळलं. नोव्हेंबरात बॅलरॅट रिफॉर्म लीग स्थापन झाली. तिची मागणी फक्त परवाना रद्द करण्यापुरती नव्हती, सर्व पुरुषांना मताचा हक्क हीही होती. 29 नोव्हेंबरला बेकरी हिलवर निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि तारे असलेला झेंडा उभारला गेला आणि लोकांनी परवाने जाळले. पीटर लेलर हा आयरिश तरुण पुढारी झाला. लाकडं आणि गाड्या रचून एक कच्चं कुंपण केलं गेलं. 3 डिसेंबर 1854, रविवार. उजाडण्याआधी सैन्य आणि पोलिसांनी त्यावर हल्ला केला. लढाई काही मिनिटांतच संपली. वीसहून अधिक खाणकामगार मेले, काही सैनिकही मेले. लेलरचा डावा हात कापावा लागला.

पुढचा भाग मी नातीला दोनदा सांगितला. राजद्रोहाच्या आरोपाखाली 13 जणांवर मेलबर्नमध्ये खटले झाले आणि त्यांतल्या एकालाही शिक्षा झाली नाही. महिन्याचा परवाना गेला, त्या जागी वर्षाला एक पौंडाचा हक्कपत्राचा कागद आला आणि त्या कागदाबरोबर मताचा अधिकारही. 1855 मध्ये एका हाताचा लेलर त्याच वसाहतीच्या विधिमंडळात निवडून गेला. तो झेंडा, जितका उरला तितका, आजही बॅलरॅट शहरात जपून ठेवलेला आहे.

त्या संग्रहालयाचा मला आदर वाटला तो आणखी एका कारणाने. हक्क मिळवणाऱ्या याच लोकांनी दुसऱ्यांचं काय केलं तेही तिथे दिसतं. टेकडीच्या एका बाजूला चिनी वस्ती आहे, देवघर आणि तंबूंसकट. 1855 मध्ये व्हिक्टोरियाने चिन्यांवर माणशी 10 पौंडांचा कर बसवला. तो चुकवायला जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब या बंदरावर माणसं उतरवू लागली आणि तिथून हजारो चिनी कावडी खांद्यावर घेऊन 400 किलोमीटरहून अधिक चालत खाणींवर आले. वाटेतच 1857 साली अॅरॅरॅटला त्यांना सोनं सापडलं, म्हणजे एक मोठी खाण शोधण्याचं श्रेय कर चुकवायला चालणाऱ्या या माणसांकडे जातं. आणि या सगळ्यांच्या आधी जमीन होती वाडावुरुंग लोकांची. सोन्याच्या शोधात आलेल्यांना त्यांनी वाट दाखवली, पॉसमच्या कातड्याची उबदार पांघरुणं विकली. त्यांची जंगलं आणि ओढे मात्र काही वर्षांत ओळखू येईनासे झाले.

जमिनीखालच्या खाणीतही आम्ही गेलो. 9 जून 1858 रोजी बेकरी हिलखाली सुमारे 55 मीटर खोलीवर सापडलेल्या वेलकम नगेटची गोष्ट तिथे सांगतात. 2,217 ट्रॉय औंस, म्हणजे 69 किलोच्या आसपासचा एकसंध सोन्याचा गोळा. तो 22 कॉर्निश खाणकामगारांच्या गटाला मिळाला होता. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तो वितळवून त्याच्या गिन्न्या पाडल्या गेल्या. पुढे सिडनी आणि मेलबर्नच्या टांकसाळींतल्या गिन्न्या हिंदुस्थानातही येत राहिल्या. आपल्या पणज्यांच्या गळ्यातल्या गिन्न्यांत या डोंगराचं सोनं नसेलच असं कोण म्हणेल?

वर आल्यावर सोनं ओतण्याचं प्रात्यक्षिक होतं. 1,064 अंशांना सोनं वितळतं. भट्टीतून मूस काढून माणसाने तो लालपिवळा रस साच्यात ओतला आणि सगळे गप्प झाले. ह्यांच्या तोंडून निघालं, "हे तर विट्याच्या पाहुण्यांचं काम!" आमचे सोयरे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. त्या भागातून, आटपाडी-तासगावातून, साताऱ्याच्या खटाव-माणमधून दुष्काळाला कंटाळून बाहेर पडलेली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. मोडीचं सोनं मुशीत वितळवायचं, त्यात चांदी घालायची, तेजाबात चांदी आणि हिणकस विरघळवायचं आणि शुद्ध सोनं मागे ठेवायचं. हिंदुस्थानातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात, केरळपासून पंजाबपर्यंत, मराठीत बोलणारा गलाईवाला भेटतो. पाऊस न पडणाऱ्या गावची ही माणसं सोन्याच्या मागे देशभर गेली. भट्टीच्या धुरात आणि तेजाबाच्या वाफेत त्यांनी छाती खराब करून घेतली आणि गावाकडे घर बांधलं. बॅलरॅटला आलेल्यांपेक्षा ही गोष्ट लहान नाही.

आणि निगडीची तरी कुठे लहान आहे? 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1955 पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डीला बजाज, चिंचवड-पिंपरीला टेल्को आली आणि त्यांच्या मागे शेकडो लहान वर्कशॉप. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, 1972 मध्ये नवनगर प्राधिकरण, 1982 मध्ये महापालिका. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17 लाखांवर होती. मग चाकण: 1999 मध्ये बजाजचा कारखाना, 2009 मध्ये फोक्सवॅगन. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण इथून आयटीआय केलेली पोरं एका पत्र्याच्या पेटीनिशी उतरली. चौघांत एक खोली, कॉट बेसिस, मेसचा डबा, सेकंड शिफ्टहून आलेला झोपायला आणि फर्स्टवाला उठायला. "कंपनीत लागला" एवढ्या दोन शब्दांवर लग्नं जुळत. सात महिने टेम्पररी, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर उभं राहणं. पर्मनंटच्या कागदाची वाट पाहणं म्हणजे काय, हे मी आमच्या घरातच पाहिलं आहे.

चिंचवडला सायन्स पार्क आहे, चापेकर बंधूंचं स्मारक आहे, निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात शिवराय आणि तुकोबांची भेट शिल्पात उभी आहे. हे सगळं मी नातीला दाखवते. पण फिटर-टर्नरच्या त्या खोलीत तिला उभं करता येईल, शिफ्टचा भोंगा ऐकवता येईल, टाइम ऑफिसात कार्ड पंच करू देता येईल, अशी जागा मला हवी आहे. ह्यांचं म्हणणं, मधोमध एक चालतं लेथ हवंच आणि त्यावर काम करून दाखवायला निवृत्त टर्नर हवा. मला वाटतं पहिली खोली शेतकऱ्यांची हवी. ज्यांच्या ज्वारी-बाजरीच्या शेतांवर आमचे सेक्टर उभे राहिले, जे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्यासाठी वर्षानुवर्षं कागद घेऊन फिरले, त्यांचे सातबारा भिंतीवर लावायला हवेत. मग कारखाने.

हे आत्ताच करायला हवं, कारण 1966 च्या सुमाराला विशीत कामाला लागलेली माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. मी परत आल्याबरोबर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना कामाला लावलं आहे. आजोबांसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा: गावाहून निघताना सोबत काय होतं? पहिली रात्र कुठे काढली? खोलीचं भाडं किती होतं आणि किती जणांत? पहिला पगार किती आला, आणि त्यातले गावाला किती पाठवले?