पिल्लू हट्टी नसतं, त्याची वेळ चुकते

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात सोफ्यामागे ओले डाग सापडू लागतात आणि ‘आत्ताच तर बाहेर नेऊन आणलं होतं!’ ही तक्रार सुरू होते. फरशी पुसून पुसून घरातली माणसं कंटाळतात. काही पिल्लं तर एवढ्याच कारणासाठी परत दिली जातात किंवा रस्त्यावर सोडली जातात. खरं तर बहुतेक वेळा दोष पिल्लाचा नसून आपल्या वेळापत्रकाचा असतो.

जन्मानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शू-शी करता येत नाही. आईने चाटल्यावरच ती होते. पुढे चालता येऊ लागलं, की ते झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शू करतं. म्हणजे स्वच्छतेची जाण उपजतच असते. फक्त त्याच्या लेखी ‘घर’ म्हणजे त्याचं अंथरूण. हॉलचा पलीकडचा कोपरा त्याच्यासाठी बाहेरच असतो!

शिवाय मूत्राशय लहान आणि त्यावरचा ताबा अपुरा. वयाच्या महिन्यांत एक मिळवला, की पिल्लू जास्तीत जास्त किती तास धरून ठेवू शकेल याचा ढोबळ अंदाज येतो. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी तीन तास झाले. जागं असताना आणि खेळताना तेवढेही नाहीत. झोपेतून उठल्यावर लगेच, खेळ थांबल्यावर आणि खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत त्याला ठरलेल्या जागी न्या. पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून खाण्याच्या वेळा नेमक्या ठेवल्या तर शीची वेळही नेमकी होते. शू टाळण्यासाठी पाणी मात्र तोडू नका.

जागा रोज तीच असावी. पट्टा लावून तिथे शांत उभे राहा. काम झालं की तिथेच, त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्या. घरात परतल्यावर दिलेला खाऊ कशासाठी मिळाला, हे त्याला कळत नाही.

शिक्षेचंही तसंच आहे. डागावर नाक घासणं, पेपरच्या गुंडाळीने मारणं यातून पिल्लू एकच धडा घेतं : माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते बाहेर पट्ट्यावर असताना रोखून धरतं आणि घरी येऊन सोफ्यामागे करतं. ‘त्याला चूक कळते, चेहरा बघा की’ असं अनेक जण म्हणतात. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा समज तपासला होता. ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने चूक केली की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असल्याचं त्यात दिसलं.

डाग पुसताना साध्या फिनेलवर विसंबू नका. आपल्याला वास येत नसला तरी पिल्लाला येतो आणि ते पुन्हा तीच जागा निवडतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमयुक्त क्लीनर वापरा. अमोनिया असलेलं क्लीनर टाळा, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो.

फ्लॅटमध्ये आणखी एक अडचण असते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, इतर कुत्री फिरतात अशा जागी पिल्लाला जमिनीवर सोडणं जोखमीचं असतं. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. तोवर गॅलरीचा एक कोपरा ठरवून तिथे रद्दी पसरा. मात्र मग जमिनीवरचा कुठलाही पेपर त्याला आपलाच वाटेल, तेव्हा आजोबांचा पेपर टेबलावरच बरा.

प्रत्येक शू सवयीची नसते. पाहुणे आल्यावर किंवा कुणी अंगावर वाकल्यावर थेंब गळत असतील, तर ती भीती किंवा उत्साह आहे. तिथे रागावलं तर ते वाढतं. पण थोडी थोडी, वारंवार शू होणं, जोर द्यावा लागणं, रक्त दिसणं, फार पाणी पिणं, झोपेत अंथरूण ओलं होणं किंवा लागलेली सवय अचानक मोडणं, यांपैकी काहीही दिसलं तर पशुवैद्यांकडे न्या. कारण मूत्रमार्गाचा संसर्गही असू शकतो.

आजपासून एक वही ठेवा. खाणं, झोप, शू, शी यांच्या वेळा आणि घरात झालेल्या चुका लिहा. चार-पाच दिवसांत त्याचं वेळापत्रक समोर येईल. त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पट्टा हातात घ्या. पूर्ण सवय लागायला काही महिने जातात, पण वहीतल्या चुका कमी होत असतील तर तुमची दिशा बरोबर आहे.