फाइल सिस्टिमचा वेग : आकडा खरा की खोटा?

पेन ड्राइव्हवर रिपोर्ट कॉपी करताना पट्टी क्षणात शंभर टक्के भरते, आपण तो खस्सकन ओढून काढतो आणि झेरॉक्सवाल्याकडे फाइल उघडतच नाही. असं का होतं? हे कळलं की फाइल सिस्टिमचा वेग मोजण्यातली मुख्य मेखही कळते.

प्रोग्रामने ‘राइट’ केलं की लिनक्स तो डेटा आधी मेमरीतल्या पेज कॅशमध्ये ठेवतं आणि ‘झालं’ म्हणून मोकळं होतं. डिस्कवर तो नंतर सावकाश जातो. मधेच लाइट गेली, की डेटाही गेला! म्हणून मी घड्याळ थांबवण्याआधी एफसिंक कॉल करते. आकडा घसरतो, पण तोच खरा.

रीडचंही तेच. एकदा वाचलेली फाइल कॅशमध्ये राहते. दुसऱ्यांदा वाचताना आपण डिस्क नाही, रॅम मोजत असतो. त्यामुळे प्रत्येक वेळी आधी कॅश रिकामी करायची.

आता डेटा सलग आहे की विखुरलेला, ते बघा. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. ४ केबीच्या प्रत्येक ब्लॉकसाठी एवढं थांबलं, तर सेकंदाला १ एमबीसुद्धा वाचून होत नाही! हेड सरकण्याचा वेळ तर वेगळाच. एसएसडीत काही फिरत नाही, त्यामुळे हा खर्च तिथे नसतो.

शेवटचा मुद्दा वयाचा. बर्कलीच्या मॅक्युसिक आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली युनिक्सच्या जुन्या फाइल सिस्टिमबद्दल लिहिलं, की कोरी असताना ती सेकंदाला १७५ केबीपर्यंत वेग द्यायची, पण काही आठवडे वापरल्यावर तोच वेग ३० केबीवर यायचा. कारण वापरता वापरता मोकळे ब्लॉक डिस्कभर विखुरले जायचे. आपण प्रोजेक्टमध्ये मात्र नेहमी नुकत्याच फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच मोजतो!

तेव्हा जर्नलमध्ये नुसते ‘एमबी पर सेकंद’ लिहू नका. कॅश रिकामी होती का, एफसिंक केलं का, ब्लॉक केवढा, डिस्क किती भरलेली, हेही लिहा. नाहीतर एक्स्टर्नलने विचारलं, ‘हा वेग नक्की कशाचा?’ तर काय सांगणार?