दांडी ते दादर : प्रवेशाच्या नियमांची पन्नास वर्षे

नामांकित महाविद्यालयात जागा मिळणे दोन गोष्टींवर ठरते : विद्यार्थ्याचे गुण आणि ते गुण मोजण्याचा त्या वर्षीचा नियम. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याला नियम बदलल्याची खबर आठवड्याभरात लागते. पालघर तालुक्यातल्या दांडीसारख्या खाडीकाठच्या मच्छीमार गावात ती बऱ्याचदा एक प्रवेशफेरी संपल्यावर पोहोचली. त्यामुळे उच्छेळी, दांडी, नवापूर या किनारपट्टीतल्या मुलांच्या शक्यतेचा मागोवा घ्यायचा तर गुणांपेक्षा नियमांचाच अधिक घ्यावा लागतो.

१९७०च्या दशकापर्यंत शालान्त परीक्षा अकरावीला होत असे. पुढे महाविद्यालयात इंटर सायन्सला पडलेल्या गुणांवर वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची निवड व्हायची. महाराष्ट्राने १०+२+३ आकृतिबंध स्वीकारला, १९७५मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि त्यामागोमाग बारावी हाच खरा उंबरठा ठरला. पालघरमध्ये सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आणि चिंचणीत पी. एल. श्रॉफ महाविद्यालय उभे राहिल्याने पदवीपर्यंतचे शिक्षण घराजवळ आले. मात्र चिंचणीला कला आणि वाणिज्य, तर विज्ञानासाठी पालघर, अशी विभागणी होती. दांडीच्या मुलाने विज्ञान निवडले की रोज बोईसर गाठून गाडी पकडणे आले.

याच भागात निवडक शिक्षणाचे एक वेगळे जगही होते. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९मध्ये सुरू झाल्या आणि त्याच वर्षी अणुऊर्जा शिक्षण संस्था स्थापन झाली. वसाहतीतल्या केंद्रीय शाळांत सीबीएसई अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, प्रयोगशाळा, सगळे होते. पण पहिला हक्क अणुऊर्जा खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचा. मच्छीमाराच्या मुलाला ती शाळा डोळ्यांसमोर असूनही सहसा मिळाली नाही. सर्वांसाठी खुली असलेली निवड १९८६च्या धोरणातून आलेल्या जवाहर नवोदय विद्यालयाची. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, ही त्याची रचना. निवासी आणि जवळपास मोफत असलेली ही शाळा ग्रामीण मुलाला मिळालेली सर्वांत प्रामाणिक संधी म्हणता येईल. तोटा एवढाच की ती मुख्यतः वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी मिळते. तेव्हा अर्ज भरायचा राहिला तर ती जवळपास गेलीच.

बारावीच्या गुणांच्या काळात ‘ग्रुपचे मार्क’ हा परवलीचा शब्द होता. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित या तीन विषयांच्या बेरजेवर ग्रँट, केईएम, नायर, सायन ही वैद्यकीय महाविद्यालये किंवा माटुंग्याचे व्हीजेटीआय ठरायचे. एका गुणाने जागा हुकल्याच्या कहाण्या घरोघरी होत्या. तरी या पद्धतीत किनाऱ्यावरच्या मुलाला एक आधार होता : जे वर्गात शिकवले त्याच पुस्तकावर परीक्षा. १९८३पासून राज्यात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जागा भराभर वाढल्या. पण त्या ज्यांच्याकडे देणगी द्यायला पैसा होता त्यांच्यासाठी वाढल्या. देणगीबंदीचा कायदा १९८७मध्ये करावा लागला, यातच त्या काळाचे चित्र आहे.

पुढचा टप्पा सामाईक प्रवेश परीक्षेचा. वैद्यकीयसाठी १९९९पासून आणि अभियांत्रिकीसाठी त्यानंतर काही वर्षांनी एमएचटी-सीईटी आली. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारलेली आणि चुकीच्या उत्तराला गुण न कापणारी ही परीक्षा दांडीच्या विद्यार्थ्याला त्यातल्या त्यात अनुकूल होती. त्याच्यासमोरची अडचण वेगळीच होती. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून, फार तर सेमी-इंग्रजीतून शिकलेला मुलगा अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत जातो. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच. मराठीतल्या प्रश्नपत्रिकेचाही उपयोग बेताचाच, कारण दोन वर्षांची पुस्तके इंग्रजीत वाचल्यावर परीक्षेत ‘संवेग’ आणि ‘जडत्व आघूर्ण’ ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतो.

२०१३ ते २०१७ ही पाच वर्षे मुलांच्या दृष्टीने सर्वांत वाईट गेली. २०१३मध्ये वैद्यकीयसाठी नीट झाली आणि त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. २०१४ आणि २०१५मध्ये अभियांत्रिकीला सीईटीऐवजी जेईई मेन आणि बारावीचे गुण असे निम्मे-निम्मे धरले गेले. २०१६मध्ये सीईटी परतली. त्याच वर्षी न्यायालयाने नीट पुन्हा लागू केली, राज्यांना त्या वर्षापुरती सूट मिळाली आणि २०१७पासून नीट कायमची झाली. अकरावीत एका परीक्षेची तयारी सुरू केलेल्या मुलाला बारावीत दुसरीच परीक्षा द्यावी लागली. शहरातल्या क्लासने अभ्यासक्रम बदलून घेतला. गावातल्या मुलाकडे बदलून देणारे कोणी नव्हते. नीट एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेली आहे आणि चुकीला गुण कापते. राज्य मंडळाच्या पुस्तकांवर घडलेल्या मुलांचे यात झालेले नुकसान उघड होते आणि ते टाळता येण्याजोगे होते, कारण बदलाआधी दोन वर्षांची पूर्वसूचना देता आली असती.

क्लासचा मुद्दा येथूनच मोठा झाला. नामांकित क्लास आणि कनिष्ठ महाविद्यालय यांच्या ‘इंटिग्रेटेड’ जोडणीत विद्यार्थी महाविद्यालयात नावापुरता असतो. हे रोखण्यासाठी २०१८मध्ये राज्याने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तरी प्रथा मोडली नाही. काही पालक मुलांना राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवतात. तिथे एक खाच आहे : राज्याच्या ८५ टक्के वैद्यकीय जागांसाठी दहावी आणि बारावी, सर्वसाधारणपणे दोन्ही, महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हावी लागते. राजस्थानातून किंवा सीमेपलीकडे गुजरातमधून बारावी झालेल्या मुलाची डोमिसाइल असूनही ही वाट बंद होते. पालघर जिल्हा गुजरातला लागून असल्याने ही माहिती इथे अकरावीच्या प्रवेशाआधीच मिळायला हवी.

आरक्षणाने या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनीअर घडवला. मच्छीमार कोळी आणि त्यांचे पोटसमाज राज्याच्या विशेष मागास प्रवर्गात येतात. त्याला दोन टक्के जागा आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी हे अनुसूचित जमातीत. त्यांना सात टक्के. केंद्रीय संस्थांत विशेष मागास प्रवर्ग हा प्रकारच नाही. तिथे केंद्राच्या ओबीसी यादीत जातीचे नाव असले तरच २७ टक्क्यांचा लाभ आणि त्यासाठी प्रमाणपत्राचा नमुनाही वेगळा. जातप्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर आणि २००१च्या कायद्याने आवश्यक ठरलेली व्हॅलिडिटी या तीन कागदांअभावी गुण असूनही जागा खुल्या प्रवर्गातून शोधावी लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत जिल्ह्याचे ठिकाण ठाणे होते. कागदासाठी ठाण्याची खेप म्हणजे घरातल्या कर्त्याचा दिवस, बहुधा दोन दिवस, बुडाले.

पैशाची बाजू समुद्राशी बांधलेली आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने नवापूर-दांडीच्या खाडीतली मासेमारी घटली, अशी मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने ती राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेली. उत्पन्न आटल्यावर सर्वांत आधी हात जातो तो क्लासच्या फीवर. याच वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांना लागणारे अभियंते घडवणारी देशातली अग्रगण्य संस्था, १९३३मध्ये सुरू झालेली माटुंग्याची आयसीटी, बोईसरहून रेल्वेने गाठता येते. तिच्या ७० टक्के जागा महाराष्ट्रासाठी आणि त्याही सीईटीच्या गुणांवर. खाडीचे नुकसान सोसणाऱ्या गावांतल्या मुलांना रासायनिक अभियांत्रिकीची ओळख दहावीतच करून देणे हे वसाहतीतल्या उद्योगांचे कर्तव्य मानायला हवे.

अंतर कमी केले ते रेल्वेने. एप्रिल २०१३मध्ये चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. त्याआधी शटल, मेमू आणि लांब पल्ल्याच्या मोजक्या गाड्यांवर दिवस बेतावा लागे. बोईसर ते दादर हा प्रवास आजही दोन तासांच्या आसपासचा, पण माटुंग्याच्या रुईया किंवा रुपारेल महाविद्यालयात घरून ये-जा करणे अवघड असले तरी अशक्य राहिलेले नाही. स्पर्धेचे क्षेत्रही रुंदावले : ७० टक्के जागा त्या-त्या विभागासाठी राखणाऱ्या वैद्यकीयच्या ७०:३० प्रादेशिक कोट्यात पालघर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोजला जाई; तो कोटा सप्टेंबर २०२०मध्ये रद्द झाला आणि स्पर्धा सगळ्या राज्याशी सुरू झाली.

२०२१मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला, अकरावीसाठी जाहीर झालेली सीईटी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि शाळेने दिलेल्या गुणांवरच प्रवेश झाले. २०२४मध्ये ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षणशुल्क माफ झाले. बारावीनंतर मुलीला डी.एड. किंवा नर्सिंगवरच थांबवणाऱ्या घरांसाठी हा निर्णय मोठा आहे, मात्र वसतिगृहाचा आणि प्रवासाचा खर्च त्यात धरलेला नाही.

अकरावीचे ऑनलाइन प्रवेश मुंबईत २००९पासून सुरू होते, ते २०२५-२६पासून राज्यभर लागू झाले. त्यामुळे दांडीचा विद्यार्थी आता पालघरचे दांडेकर महाविद्यालय आणि माटुंग्याचे रुईया एकाच अर्जात पसंतीक्रमाने लिहू शकतो. मुंबईतल्या महाविद्यालयांतल्या इनहाउस, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोट्यांच्या जागा वगळून उरलेल्यांतच ही स्पर्धा होते. म्हणून एखाद्या महाविद्यालयाचा मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहताना तो कोणत्या कोट्याचा, कोणत्या फेरीचा आणि कोणत्या प्रवर्गाचा, हे तिन्ही तपासून मगच पसंतीक्रम भरावा लागतो.