क्रेडिट कार्डचं बिल आवाक्याबाहेर गेलंय? मदत कुणाकडे मागायची, हे असं ठरवा

कार्डचं स्टेटमेंट आलं की त्यात दोन आकडे ठळक दिसतात. एक 'एकूण देय' आणि दुसरा 'किमान देय'. पैशांची ओढाताण असली की नजर आपोआप दुसऱ्यावर जाते. किमान रक्कम भरली की लेट फी लागत नाही, वसुलीचे फोन येत नाहीत, सिबिलवर थकबाकीची नोंद होत नाही. 'सध्या एवढं भरू, पुढच्या महिन्यात बघू' असं करता करता वर्ष निघून जातं आणि देणं मात्र जिथल्या तिथे.

असं का होतं, ते एका हिशोबात कळतं. समजा कार्डवर १ लाख ८० हजार रुपये थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आपल्याकडच्या अनेक कार्डांवर साधारण असाच दर असतो. एका महिन्याचं व्याज झालं ६,३०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,१३४. एकूण ७,४३४. आता किमान देय पाच टक्के धरलं तर तुम्ही भरता ९,००० रुपये. त्यातून मूळ रक्कम कमी होते फक्त १,५६६ रुपयांनी. त्याच महिन्यात कार्डवर दोन हजारांचा किराणा भरला, तर नऊ हजार भरूनही देणं वाढलेलंच असतं. शिवाय जुनी थकबाकी असेल तर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

'एवढं व्याज बेकायदा आहे, भरूच नका' असं सांगणारे रील्स फिरत असतात. ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. त्या मुद्द्यावर आता विसंबून राहू नका.

आधी कागद-पेन घ्या

मदत कुणाची घ्यायची हे बहुतेक जण फोनवरचा माणूस किती ओरडतो यावरून ठरवतात. ते ठरायला हवं तुमच्या महिन्याच्या शिल्लकेवरून.

हातात येणाऱ्या पगारातून भाडं, किराणा, वीजबिल, मुलांची फी, औषधं आणि चालू हप्ते वजा करा. कार्डचा हप्ता यात धरू नका. उरेल ती तुमची खरी शिल्लक. मग सगळ्या कार्डांची थकबाकी एकत्र मांडा. नवऱ्याला किंवा बायकोला माहीत नसलेलं कार्डही त्यात आलं पाहिजे, नाहीतर हिशोब खोटा.

आता एक ढोबळ माप. १६ टक्के वार्षिक व्याजाने एक लाखाचं कर्ज तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ३,५०० रुपये लागतात. पाच वर्षांत फेडायचं तर साधारण २,४५०. तीन लाख थकलेत आणि शिल्लक साडेदहा हजार किंवा जास्त आहे? मग तुम्हाला सल्लागार, वकील कुणी नको, स्वस्त कर्ज हवंय. शिल्लक सात-साडेसात हजार ते साडेदहा हजार यांच्या मध्ये असेल तर बँकेशी मुदतीबद्दल बोलावं लागेल. त्याहून कमी असेल तर नवं कर्ज काढून काहीच साधणार नाही, आणि नेमके याच गटातले लोक सगळ्यात जास्त नवं कर्ज काढतात.

महागडं कर्ज स्वस्त करताना

पहिल्या गटासाठी सरळ मार्ग म्हणजे कार्डची थकबाकी ईएमआयमध्ये बदलून घेणं, किंवा पर्सनल लोन काढून कार्ड एकरकमी मिटवणं. वरचंच उदाहरण घ्या. १ लाख ८० हजारांचं पर्सनल लोन १६ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो सुमारे ६,३३० रुपये. कार्डचं नुसतं व्याज आणि जीएसटी याहून जास्त होतं! कार्डवरच्या ईएमआयच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, पर्सनल लोनच्या व्याजावर तो लागत नाही, हेही तुलना करताना लक्षात असू द्या. प्रोसेसिंग फी मात्र दोन्हीकडे विचारून घ्या.

पगारदारांसाठी महाराष्ट्रात आणखी एक पर्याय घराजवळच असतो, तो म्हणजे कर्मचाऱ्यांची पतसंस्था. व्याज कार्डच्या मानाने बरंच कमी आणि हप्ता थेट पगारातून कापला जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये तशी तरतूद आहे. सोनंतारण कर्जही सहसा पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतं.

पण इथे थांबून विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. कार्डचं कर्ज विनातारण असतं. ते थकलं तर बँक तगादा लावेल, दावा करेल, पण त्यासाठी तुमचं काही गहाण पडलेलं नसतं. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार असतात, बहुतेकदा शेजारच्या टेबलावर बसणारे दोघे. तुमचा हप्ता चुकला तर वसुली त्यांच्याकडून होऊ शकते. सोनंतारणात हप्ता चुकला तर दागिन्यांचा लिलाव होतो. म्हणजे व्याज कमी झालं तरी धोका तुमच्यावरून बायकोच्या मंगळसूत्रावर किंवा मित्राच्या पगारावर सरकला. शिल्लक भक्कम असेल तर हा सौदा फायद्याचा आहे. शिल्लकच नसेल तर आमच्या मते तो करू नये. पीएफ काढून कार्ड भरण्याचंही तसंच. कोर्टाच्या हुकुमानेही जप्त होऊ शकत नाही असा तो पैसा आहे, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम १० मध्ये हे संरक्षण आहे. तो स्वतःच्या हाताने रिकामा करण्याआधी दोनदा विचार करा.

एका कार्डवरून दुसरं भरणं, ओळखीच्या दुकानात कार्ड स्वाइप करून कमिशन देऊन रोख घेणं, लोन अ‍ॅप, खासगी सावकार: यांना आम्ही मदत म्हणत नाही.

हप्ता झेपतच नसेल तर

मग बोलायचं बँकेशीच, आणि लेखी. फोनवर केलेल्या विनवणीचा पुरावा राहत नाही. बँकेच्या तक्रार निवारण विभागाला ईमेल करा. त्यात उत्पन्न का घटलं, कागद कोणते आहेत, महिन्याला नेमके किती भरता येतील, एवढं लिहा. कार्ड ब्लॉक करून थकबाकीचे लांब मुदतीचे हप्ते मागा. बँक हो म्हणेलच असं नाही, पण झेपणारा आकडा घेऊन येणाऱ्या ग्राहकाशी बोलणं तिलाही सोयीचं असतं.

पगाराचं खातं आणि कार्ड एकाच बँकेत असेल तर कार्डच्या करारातल्या अटींनुसार बँक थकबाकी खात्यातून वळती करून घेऊ शकते. पगार झाल्या दिवशीच खातं रिकामं झालं तर घरभाडं कुठून देणार, हा प्रश्न बोलणी सुरू करण्याआधीच सोडवून ठेवा.

त्यापुढचा मार्ग सेटलमेंटचा. ठरलेली कमी रक्कम भरायची आणि उरलेली बँकेने सोडून द्यायची. त्याची किंमत अशी की क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' दिसतं आणि पुढे घरकर्ज मागायला गेलात की ते आडवं येतं. तरीही ज्याची शिल्लक शून्य आहे त्याच्यासाठी स्कोअर वाचवणं ही दुय्यम गोष्ट आहे, असं आम्हाला वाटतं. बँकेच्या लेटरहेडवर 'पूर्ण आणि अंतिम' असा उल्लेख असलेलं पत्र आल्याशिवाय रुपयाही भरू नका. पैसे कार्ड खात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर नाही. नंतर नो ड्यूज पत्र मागून घ्या आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंद बदलली का ते तपासा. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो.

हे सगळं 'आम्ही करून देतो' म्हणणाऱ्या कंपन्या इन्स्टाग्रामवर भरपूर दिसतात. त्या बँकांसाठी नाही, तुमच्या फीवर चालतात. या धंद्याला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागत नाही, त्यामुळे त्यांनी फसवलं तर बँकिंग लोकपालाकडेही दाद मागता येत नाही. 'हप्ते बंद करा, दर महिन्याला आम्हाला पैसे द्या' हा त्यांचा नेहमीचा सल्ला. त्या महिन्यांत कार्डवरचं व्याज चालूच राहतं. बँकेला लिहायचं पत्र तुम्ही स्वतः लिहू शकता.

फुकट सल्ला मिळतो का? रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये बँकांना आर्थिक साक्षरता आणि कर्ज समुपदेशन केंद्रं काढायला सांगितलं होतं. २०१२ मध्ये त्यांची 'आर्थिक साक्षरता केंद्रं' झाली आणि भर साक्षरतेवर आला. तरी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे चौकशी करून तिथे जाता येतं. कायदेशीर नोटीस आली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना आणि महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असणाऱ्यांनाही मिळतो.

नादारी जाहीर करणं हा शेवटचा मार्ग. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग सामान्य कर्जदारांना अजून लागू झालेला नाही. त्यामुळे आजही मुंबईसाठी १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा, असे इंग्रजांच्या काळातले कायदे चालतात. १९२० च्या कायद्यात अर्ज करण्यासाठी किमान कर्ज ५०० रुपये लिहिलंय, त्यावरून तो किती जुना आहे ते कळावं. वकिलाशिवाय या वाटेला जाऊ नका.

'पोलीस घरी येतील'

नुसतं कार्डचं बिल थकल्याबद्दल अटक होत नाही, तो दिवाणी मामला आहे. अडचण होते ती चेकमुळे. एजंटच्या दबावाखाली पुढच्या तारखेचा चेक दिला आणि तो परत गेला तर कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. ऑटो-डेबिटचा आदेश पैशांअभावी परत गेला तरी तशीच तरतूद आहे. खात्यात पैसे असतील याची खात्री नसेल तर चेक देऊ नका.

एजंटने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. नातेवाईक, मित्र, ऑफिस यांच्यासमोर बदनामी करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते. माहितीसाठी नंबर १४४४८. धमकी दिली असेल तर पोलीस ठाण्यात जा. या फोनांनी झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर बँकेच्या आधी १४४१६ हा टेली मानसचा नंबर लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका. ते वॉरंट नाही. बँका थकीत कार्डांची प्रकरणं दावा दाखल करण्याआधीच तिथे नेतात. कोर्ट फी लागत नाही आणि बँकेचा अधिकारी तडजोडीच्या तयारीने आलेला असतो. जाताना मघाचा शिल्लकेचा कागद सोबत न्या. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी ठरलेला हप्ता त्या शिल्लकेत बसतो का, ते तिथेच बघून घ्या. बसत नसेल तर 'मान्य नाही' म्हणून परत येता येतं.